हळद्यासाठी थांबलेली आखाजी

वत्सलाअक्कांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात भांडणाने व्हावी हे संपादक मंडळाला कितपत रुचेल कोण जाणे, पण अक्कांना ओळखणाऱ्या कुणालाही त्यात नवल वाटणार नाही. जळगावात मेहरूणच्या आमच्या कॉलनीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. नव्या अंगणातली वाळकी पाने मी झाडून काढली, कुंपणाशी त्यांचा ढीग केला आणि आता काडी लावणार, इतक्यात शेजारून शिट्टी वाजली. साधीसुधी नव्हे, कवायतीच्या मैदानावर वाजते तशी, कानठळ्या बसवणारी. माझ्या हातातली काडीपेटी खाली पडली.

कुंपणापलीकडे कमरेला पदर खोचलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक बाई उभ्या होत्या.

"काडी लावायची नाही!" त्यांनी फर्मावले.

"अहो, माझ्या अंगणातला कचरा आहे," मी म्हणाले.

"कचरा तुमचा असेल. खालचे किडे दयाळाचे आहेत."

दयाळ हे कुणा गृहस्थाचे नाव असावे आणि त्यांचा माझ्या कचऱ्यावर काहीतरी हक्क असावा, असा माझा समज झाला. मी मराठीची शिक्षिका, पण पाखरांच्या बाबतीत माझे शब्दभांडार काऊ-चिऊपाशीच थांबले होते. तेवढ्यात काळ्यापांढऱ्या रंगाचे एक टुमदार पाखरू ढिगावर येऊन बसले. त्याने शेपटी वर उभारली, दोनचार पाने उलटवली, खालून काहीतरी वळवळणारे ओढून काढले आणि मेंदीच्या कुंपणात पसार झाले. "हे दयाळ," अक्कांनी ओळख करून दिली, "आणि तुम्ही त्यांच्या ताटाखाली काडी लावत होतात." त्या दिवसापासून मी अक्कांची शिष्या आहे. माझी संमती कुणी विचारली नव्हती.

अक्कांचे माहेर धुळ्याकडचे, साक्रीच्या बाजूचे. जळगावच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी सारी नोकरी व्यायामशिक्षिका म्हणून केली. निवृत्तीनंतर त्या भजनी मंडळात येतील अशी कॉलनीतल्या बायकांची अपेक्षा होती. अक्का एकदा गेल्याही, पण टाळ वाजवणाऱ्या बायकांना त्यांनी ताठ बसायला लावल्यापासून मंडळानेच त्यांना फारसा आग्रह केला नाही. मग त्यांनी आपले सगळे लक्ष अंगणाकडे आणि कॉलनीच्या मोकळ्या जागेकडे वळवले. तिथे एक जुना कडुनिंब होता आणि भोवती नुसती धूळ होती.

झाडे निवडण्याची अक्कांची पद्धत खो-खोचा संघ निवडण्याची होती. नुसते देखणे झाड त्यांना चालत नसे. प्रत्येकाला काम हवे. करवंद आणि मेंदी घरटी राखायला. मांजराची काय बिशाद त्यात शिरायची. थंडीत बोर, उन्हाळ्यात भोकर आणि उंबर, पुढे लिंबोळ्या, असे वर्षाचे बारा महिने कुणी ना कुणी वाढायला उभे पाहिजे. शेवगा, पांगारा आणि सातपुड्याच्या बाजूने आणलेली धायटी मधासाठी. करवंदाच्या बिया त्यांनी यावलच्या आठवडे बाजारातून आणल्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून रानमेवा विकायला आलेल्या बायकांशी त्या तासभर गप्पा मारत, पाटीभर करवंदे घेत, आणि "खायला नाही, पेरायला" असे सांगितले की त्या बायका तोंडाला पदर लावून हसत. अक्काही हसत आणि सवलत मागत.

रोपवाटिकेतल्या त्यांच्या वागण्यावर मात्र स्वतंत्र ग्रंथ निघाला पाहिजे. त्यांच्या लेकीने, माधुरीने, धुळ्याला नवे घर बांधले तेव्हा बाग लावून द्यायला अक्का निघाल्या आणि "मास्तरीणबाई, चला" म्हणून मलाही गाडीत घातले. धुळ्याच्या अलीकडे भिकनभाऊंची रोपवाटिका लागते. भिकनभाऊंनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि एक हिरवेगार, चकचकीत पानांचे रोप पुढे ठेवले.

"अक्का, हाई देखा. फॉरेननं झाड शे. याले कीड लागत नही, ढोर बी तोंड लावत नही."

अक्कांनी चष्मा वर केला. "मंग हाई कोणले पोसस, भिकनभाऊ?"

"पोसस? अक्का, शोनं झाड शे ना ते!"

"किडाच नही, तं पाखरं आपला पिल्लासले काय चारतीन? तुन्हा चहा?"

भिकनभाऊ गोंधळले. त्यांच्या आजवरच्या धंद्यात, ज्याला कीड लागते असे झाड दाखवा म्हणणारे गिऱ्हाईक पहिल्यांदाच आले होते. अक्कांनी त्यांना तिथेच धडा दिला. दाणे खाणारे पाखरूसुद्धा पिल्लांना अळ्याच भरवते. आपल्या मातीतल्या अळीला आपल्याच झाडाचे पान लागते. परदेशी झाड म्हणजे पाखरांच्या दृष्टीने दाराला कुलूप घातलेली खानावळ. हे सगळे त्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या. त्या गृहस्थांनी हातातले कोनोकार्पसचे परदेशी रोप हळूच खाली ठेवले. भिकनभाऊंनी कळवळून मला बाजूला घेतले आणि सगळे दुकान बसायच्या आत यांना घरी न्या म्हणून विनवले, "ताई, यासले आते घर लई जा. बठ्ठं दुकान बसाडतीन." आज त्याच रोपवाटिकेत भोकर, धायटी आणि अडुळसा यांची वेगळी रांग आहे आणि वर 'अक्कांची झाडे' अशी पाटी आहे. ती पाटी श्रद्धेने लावली की खबरदारी म्हणून, हे भिकनभाऊ अजून सांगत नाहीत.

कॉलनीचे अध्यक्ष कांतीलालजी शेठ हे अक्कांचे आणखी एक विद्यार्थी. त्यांचे घराणे राजस्थानातून आलेले, कापडाचा मोठा व्यापार, मन त्याहून मोठे. जीवदया म्हणून ते रोज गच्चीवर ज्वारी टाकत. अक्का त्यांना म्हणाल्या, "शेठजी, तुमच्या ज्वारीने नुसती कबुतरं पोसली जातात आणि ती माझ्या वाळवणावर घाण करतात. दया करायचीच तर उंबर लावा." शेठजींनी ज्वारी काही बंद केली नाही, पण मोकळ्या जागेत उंबर लावला, स्वतः पाणी घातले, आणि त्याच्या पहिल्या फळांवर तांबट आणि बुलबुल तुटून पडले त्या दिवशी दुकानात पेढे वाटले. कशाबद्दल, असे विचारणाऱ्यांना ते "घरात कार्य आहे" एवढेच सांगत होते.

अक्कांच्या मायेचा अनुभव सांगायचा तर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबद्दल सांगायला हवे. आमची एकुलती मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. घर एकदम सुने झाले. मी ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटता लाटता रडत असे आणि कुणाला कळत नाही अशी माझी समजूत होती. एके सकाळी बाहेर पाहते तो अक्का आमच्या खिडकीखाली पहारीने खड्डा खणत होत्या. "शेवगा लावतेय," त्या म्हणाल्या. "परवानगी नंतर देता येईल." शेवगा भराभर वाढला, फुलला, आणि माझ्या खिडकीत शिंजीर येऊ लागले. अंगठ्याएवढा तो निळा-जांभळा जीव चोच फुलात खुपसून टांगलेला असे आणि मी लाटणे हातात धरून बघत राहत असे. पोळ्या करपू लागल्या, पण रडणे थांबले. पावसाळ्यात त्याच शेवग्यावर केसाळ अळ्या चढल्या आणि आमच्या ह्यांच्या अंगाला आठवडाभर खाज सुटली. ह्यांनी औषध फवारायचे नाव काढताच अक्कांनी खोबरेल तेलाची बाटली पाठवून दिली. तेल ह्यांच्यासाठी होते. अळ्या कोकिळांसाठी राखून ठेवायच्या, असा निरोपही सोबत होता.

आता गेल्या आखाजीची गोष्ट सांगते. अक्कांचा सत्कार खरा त्याच वेळी झाला, व्यासपीठाशिवाय.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते की अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि आमच्या लेकीबाळींना दिवाळीपेक्षा तीच जवळची. माहेरून मुराळी म्हणजे भाऊ किंवा बाप न्यायला येतो, लेक माहेरी येते, कडुनिंबाला झोका बांधतात आणि उन्हाची पर्वा न करता बायका झोक्यावर गाणी म्हणतात. आमच्या कॉलनीत हा झोका अक्कांनीच सुरू केला. मोकळ्या जागेतल्या त्या जुन्या कडुनिंबाच्या आडव्या फांदीला शेठजींच्या दुकानातला दोर बांधला जाई. आदल्या दिवशी अक्का एकट्या झोक्यावर बसून दोर तपासत. ही तपासणी चांगली अर्धी सकाळ चाले आणि आम्ही आपापल्या खिडक्यांतून हसत असू. दोराची इतकी काळजी घेणारी बाई आम्ही पाहिली नव्हती.

गेल्या वर्षी आखाजी तोंडावर आली असताना अक्का सकाळी सकाळी माझ्या दारात आल्या. शिट्टी गळ्यात होती, पण वाजवली नाही. आवाजही खाली. मला वाटले, कुणाचे काही बरेवाईट झाले.

"हळद्या आलाय," त्या म्हणाल्या. "जोडीनं आलाय. घरटं बांधलंय."

हळद्या म्हणजे पिवळाधमक, डोळ्यांत काजळ घातल्यासारखा दिसणारा, बासरीसारखा आवाज काढणारा पक्षी. आमच्याकडे उंबरावर जेवायला येई आणि निघून जाई. त्याने इथे घर करावे म्हणून अक्का वर्षानुवर्षे एकेक झाड वाढवत होत्या. आता त्याने घर केले होते, पण नेमके झोक्याच्या फांदीच्या टोकाला. गवताचा छोटासा पाळणा दोन डहाळ्यांच्या बेचक्यात टांगलेला होता आणि मादी आत बसलेली होती. त्या फांदीला झोका बांधला तर घरटे हिंदकळून अंडी खाली पडणार, हे सांगायला कुणी पक्षीतज्ज्ञ नको होता. कॉलनीत झोका बांधण्याजोगे दुसरे झाडही नव्हते. अक्कांची बाकीची सेना अजून लहान होती.

"यंदा झोका नाही," अक्कांनी जाहीर केले.

कॉलनीत हलकल्लोळ झाला. सगळ्यांच्या लेकी निघाल्या होत्या. कुणाची सुरतेहून, कुणाची नाशिकहून, माझी पुण्याहून. माधुरी धुळ्याहून येऊन पोचलीच होती. ती भर चौकात आईला म्हणाली, "आई, मी वर्षातून एकदा येते आणि तू मला पाखरासाठी खाली बसवतेस?"

"तू दरसाल येतेस," अक्का शांतपणे म्हणाल्या. "तो पहिल्यांदाच आलाय."

कांतीलालजी शेठ माणूस समेटाचा. त्यांनी लोखंडी नळ्यांची चौकट जोडून घेतली आणि झोका त्यावर बांधला. पहिल्या हेलकाव्याला चौकट कुरकुरली. दुसऱ्याला एक पाऊल पुढे सरकली. तिसऱ्याला झोका, झोक्यावरची माझी लेक आणि चौकट असे सगळे मिळून शेठजींच्या नव्या मोटारीकडे निघाले. शेठजी दोन्ही हात पसरून मोटारीपुढे आडवे उभे राहिले. तिथे तो प्रयोग संपला.

मग बायका म्हणाल्या, निदान गाणी तरी म्हणू. अक्कांनी परवानगी दिली, मात्र हळू आवाजात. आखाजीची गाणी वाटेवरच्या माणसालाही ऐकू जावीत अशी म्हणायची असतात. ती आम्ही दुपारभर कुजबुजत म्हटली. सासूला नावे ठेवणारी ओळ आली की सवयीने आवाज चढे आणि अक्का बोट वर करत. ते पाहून आमचे हे म्हणाले, बायकांनी सासूबद्दल इतक्या हळू बोललेले मी जन्मात ऐकले नव्हते. लेकी हसून हसून लोळल्या खऱ्या, पण संध्याकाळी प्रत्येकीच्या मनात झोका राहून गेल्याची रुखरुख होतीच, आणि एकदोघींनी अक्कांना ऐकू जाईल अशा बेताने ती बोलूनही दाखवली. अक्का त्या दिवशी लवकर घरात गेल्या.

माधुरी माझा निरोप घ्यायला आली तेव्हा तिचा राग उतरला होता. ती म्हणाली, "काकू, मी उगाच बोलले. आमचे मामा गेल्यापासून आईला आखाजीला कुणी बोलावत नाही. साक्रीचं घर बंद आहे. ती दोर तपासायच्या नावाखाली एकटीच झोके घेते ना, तेवढीच तिची आखाजी. या वर्षी तीही नाही झाली." आम्ही सगळ्या आपला झोका गेला म्हणून कुरकुरत होतो. सर्वांत जास्त ज्यांचा गेला होता त्यांनीच तो सोडला होता, आणि आम्ही त्यांना टोमणे मारले होते.

पुढे एका दुपारी वावटळ उठली. आमच्याकडे मे महिन्यात वारे सुटले की केळीच्या बागा आडव्या होतात, तसलेच ते वारे. आखाजीला टोमणे मारणाऱ्या झाडून सगळ्या बायका डोळ्यांत धूळ जात असताना कडुनिंबाखाली धावल्या. तिथे जाऊन करणार काय, हे कुणालाच ठाऊक नव्हते. एकीने पदर पसरला. शेठजी उलटी झालेली छत्री धरून उभे होते. फांदी वरखाली होत होती, पाळणा गरगरत होता, मादी आत पिल्लांना पोटाशी घट्ट धरून बसली होती. अक्का खोडाला हात टेकून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. त्या देवाचे नाव घेत होत्या की फांदीला सूचना देत होत्या, मला सांगता येणार नाही. वारे पडले, तेव्हा पाळणा जागेवर होता. शेठजींना हुंदका आला आणि त्यांनी तो धुळीच्या नावावर घातला.

पिल्ले उडाली. आईबाप त्यांना बोरीवर नेऊन अळ्या भरवत होते. भिकनभाऊ तिथे असते तर कीड लागलेल्या झाडाची किंमत त्यांना डोळ्यांनी दिसली असती. घरटे रिकामे झाले, त्या फांदीवर पुन्हा कुणी फिरकेना, याची खात्री झाल्यावर कॉलनीतल्या बायका माझ्या ओसरीवर जमल्या आणि आम्ही अक्कांना न सांगता एक ठराव केला. तो पार पाडायचे काम माझ्याकडे आले, कारण मी शेजारीण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठेवणीतले लुगडे नेसले, हातात पिशवी घेतली आणि अक्कांचे फाटक वाजवले. अक्का करवंदाच्या जाळीत अर्ध्या शिरलेल्या होत्या.

"मास्तरीणबाई, लग्नाला निघालात का?"

"नाही अक्का. मी मुराळी आहे. तुमच्या माहेरून आले. आखाजी आहे, घ्यायला पाठवलंय."

"आखाजी केव्हाच झाली."

"तुमची राहिली होती."

अक्का जाळीतून बाहेर आल्या. केसांत काटे अडकलेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पिशवीकडे पाहिले, कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिले. एवढी मोठी बाई, आयुष्यभर मैदाने दणाणवलेली, आणि आवाज निघाला तो कुजबुजीएवढा. "मन्हाकरता?" एवढेच त्या म्हणाल्या. मग त्यांना रडू आले आणि त्यांनी ते लपवले नाही. मीही लपवले नाही. सासरहून निघणारी लेक आणि तिचा मुराळी दोघेही फाटकात उभे राहून रडत होते आणि आमचे हे पलीकडून, काय झाले, अळी चावली का, असे विचारत होते.

झोका बांधलेला होता. अक्का बसल्या. त्यांचे वय मनात धरून मी जपून, हळूहळू झोका देऊ लागले. अक्कांनी मान वळवली आणि डोळे पुसत ओरडल्या, "झोका देताय की प्रश्नपत्रिका वाटताय? जोर लावा!" मग आम्ही सगळ्यांनी जोर लावला. अक्का पार वर गेल्या, लिंबोळ्यांचा सडा पडला, आणि त्यांनी फाटक्या, खणखणीत आवाजात अहिराणी गाणे धरले. ते त्यांनी कुजबुजत म्हटले नाही. जवळच्या मेहरूण तलावावर फिरायला आलेली माणसे थबकून पाहू लागली. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर आखाजी करणारी ही कोण माणसे, असे त्यांना वाटले असणार.

अक्का, तुम्हाला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. अशा लेखाच्या शेवटी वयाचा एक गोल आकडा मांडून तेवढे जगा असे म्हणण्याची पद्धत आहे, पण तुम्ही त्या आकड्यावर नक्की हुज्जत घालाल, म्हणून मी तो मांडत नाही. मी एवढेच सांगते. यापुढे दर आखाजीला, पाखरांनी परवानगी दिली तर त्या दिवशी आणि नाही दिली तर ती उडून गेल्यावर, मी तुमच्या फाटकाशी घ्यायला येणार आहे. तब्येतीने ठणठणीत, आवाजाने याहून खणखणीत राहा, आणि मी हाक मारली की ओ द्या. मुराळी म्हणून गेले आणि लेकीला न घेताच परतले, असे माझ्या वाट्याला कधी येऊ देऊ नका.